म्हातारपणाचे आसन

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला बसावयाची जागा कशी असावी ते सांगितले आहे. जागा शुद्ध असावी, आसन डगमगते नसावे, फार उंच नसावे, फार सखलही नसावे. खाली दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र अंथरावे, इथपर्यंत बारीक तपशील तेथे आहे. ज्ञानेश्वर माउलींनी तर या ठिकाणी हात मुळीच आखडला नाही. पाणी कसे निर्मळ हवे, सावली कशी दाट हवी, माणसांची वर्दळ कशी नको, एकदा बसले की उठूच नये असे वाटावयास लावणारी ती जागा कशी असते, याचे वर्णन ते ओवीमागून ओवी करीत जातात. आणि त्याच गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना भगवंत म्हणतात की, माझा आवडता भक्त अनिकेत असतो. म्हणजे त्याला हे माझे घर, ही माझी जागा, असे काही नसते. तेथे माउलींनी वाऱ्याचा दृष्टांत दिला आहे. वाऱ्याने कोठे बिऱ्हाड केलेले कोणी पाहिले आहे काय?

एके ठिकाणी सांगितले, आसन नीट मांड. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, तुला ठाव नसावा. या दोन वचनांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न अरण्यात तप करणाऱ्या साधकाला पडत असेल नसेल; पण आमच्या तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो रोज पडतो. साठी उलटली, नोकरी सुटली, किंवा शेत मुलांच्या हाती गेले, दुकानाच्या गल्ल्यावर मुलगा बसू लागला. आता दिवसभर घरी बसावयाचे. बसावयाचे, पण कोठे? पोथी कोठे उघडावयाची? पत्रे, हिशेब, सातबाऱ्याचे उतारे, पेन्शनचे कागद, अभंगांची वही, चष्म्याचे घर, हे सारे ठेवावयाचे कोठे? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, एवढे वय झाल्यावर, सोडावयाचे दिवस आल्यावर, घरात स्वतःसाठी एक कोपरा मागणे हे परमार्थाला धरून आहे काय?

प्रश्न वरवर लहान दिसतो. काही वाचक म्हणतील, टेबल-खुर्चीचा आणि परमार्थाचा काय संबंध? पण २०११ च्या खानेसुमारीत या देशात साठी ओलांडलेली सुमारे १० कोटी ३८ लाख माणसे मोजली गेली, आणि त्यांचा आकडा पुढे वाढतच गेला आहे. एवढ्या माणसांचे उरलेले दिवस कोठे बसून आणि काय करीत जातात, हा प्रश्न लहान कसा म्हणावा? म्हणून त्याचा थोडा सरळ विचार करू.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. हा पक्ष मांडणारे लोक भले आहेत आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. ते म्हणतात, "अहो, आयुष्यभर माझे माझे केले. आता तरी पुरे करा. नातवंडांना अभ्यासाला जागा नाही आणि आजोबांनी खिडकीपाशी टेबल मांडून बसावे हे शोभते काय? नाम घ्यावयाला टेबल लागत नाही. जनाबाईंनी जात्यापाशी नाम घेतले, सावता महाराजांनी अरणच्या मळ्यात घेतले. त्यांना कोणी खोली बांधून दिली होती?"

हे ऐकावयास गोड आहे. पण यातल्याच उदाहरणांकडे नीट पाहा. जनाबाईंना जाते होते. सावता महाराजांना मळा होता, आणि देव त्यांना भेटावयास त्या मळ्यातच आला अशी आपली श्रद्धा आहे. तेरच्या गोरोबाकाकांची माती, चाक आणि थापटणे होते. संतमेळ्यात वयाने वडील म्हणून मुक्ताबाईंनी त्यांनाच विचारले की, यांतले मडके पक्के कोणते आणि कच्चे कोणते ते सांगा. आणि काकांनी आपल्या कामाचेच थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटले. नामदेवरायांना त्याचा राग आला, आणि तेच कच्चे ठरले. पुढे ते विसोबा खेचरांना शरण गेले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आम्हांस त्यातली एवढीच गोष्ट दाखवावयाची आहे की, म्हाताऱ्या काकांची परीक्षा करण्याची अक्कल त्यांच्या कामाच्या जागेवर, कामाच्या हत्याराने तयार झाली होती. आणि ज्ञानेश्वरी? शके १२१२ मध्ये नेवाशाला माउली ज्या खांबाला टेकून बोलले असे परंपरा सांगते, तो खांब आजही आपण पाहावयास जातो. आणि सच्चिदानंदबाबा शेजारी बसून लिहीत होते. पाठीला टेका आणि लिहिणाऱ्याला बैठक, एवढी मांडामांड तेथेही होतीच.

तेव्हा संतांना जागा नव्हती हे खरे नव्हे. त्यांना जागा होती, पण जागेने त्यांना धरून ठेवले नव्हते. भेद येथे आहे.

पूर्वपक्षात आणखी एक गफलत आहे, आणि ती घरोघरी होते म्हणून स्पष्ट बोलले पाहिजे. ज्याच्याजवळ होते त्याने आपण होऊन सोडले तर त्याला त्याग म्हणतात. ज्याच्याकडून काढून घेतले त्याने त्याग केला असे म्हणणे ही आपली सोय आहे. घरात नवा टीव्ही आला, तो कोठे लावावयाचा? आजोबांच्या कोपऱ्यात. नवे कपाट आले, कोठे ठेवावयाचे? आजोबांची खाट थोडी सरकवा. सरकत सरकत ती खाट बोळात येते, जेथे दिवसाही दिवा लावावा लागतो. आजोबा म्हणतात, "असू दे रे, मला काय लागतंय आता!" आणि घरचे लोक म्हणतात, आमचे बाबा किती विरक्त आहेत. अहो, ती विरक्ती नव्हे. तो माणूस मनातून हरलेला आहे. वैराग्य आले की मन मोकळे होते, चेहरा उजळतो. येथे तर पोथी बंद झाली, वही बंद झाली, आणि माणूस दाराकडे पाहत बसून राहिला. याला वैराग्य म्हणून मखरात बसविणे म्हणजे वैराग्याची विटंबना आहे.

साठी उलटलेल्यांच्या देखभालीसाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. त्या कायद्याने अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी ही मुलांची जबाबदारी ठरविली. चांगले झाले. पण कायदा फार तर छप्पर देववील. खिडकीजवळची जागा, चांगला दिवा, आणि हे आजोबांचे कामाचे ठिकाण आहे, तेथे पसारा करू नये, ही समज कोणते न्यायालय देववणार? ती घरच्यांच्या अंगी असावी लागते.

आता कोणी विचारील की, जागा द्यावी हे कबूल. पण ती कशी असावी? याचे उत्तर गीतेतल्या त्या तीन अटींतच आहे: स्थिर, फार उंच नव्हे, फार सखल नव्हे. म्हाताऱ्या शरीराला या अटी किती चपखल लागू पडतात ते पाहा.

मराठीत वाचावयाच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात. कारण चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले भिंग कडक होऊ लागते आणि जवळचे अक्षर दिसेनासे होते. हे सर्वांना कळते. पण दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. डोळ्याची बाहुली वयाबरोबर लहान होते, भिंग पिवळसर होते, आणि विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर पोचतो. म्हणजे नातवाला जो दिवा पुरतो तो आजोबांना पुरत नाही, ही कुरकुर नसून देहाचा धर्म आहे. म्हणून उजेड भरपूर हवा. पण तो पानावर हवा, डोळ्यांत नको. मोतीबिंदू होऊ लागलेल्या डोळ्याला समोरचा उजेड फार टोचतो. खिडकीकडे तोंड करून बसण्यापेक्षा खिडकी बाजूला येईल असे बसावे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डाव्या अंगाला ठेवावा, म्हणजे आपल्याच हाताची सावली अक्षरावर पडत नाही.

आसन स्थिर हवे म्हणजे काय? चाकांची, फिरती खुर्ची कचेरीत ठीक. म्हाताऱ्या माणसाला चार पायांची, हातांची, न डगमगणारी खुर्ची बरी, कारण उठताना त्या हातांचाच आधार घ्यावा लागतो. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकावेत. पाय लोंबकळत असतील तर खुर्ची उंच आहे. पायांखाली पाट घ्यावा. गुडघे पोटाकडे येत असतील तर खुर्ची सखल आहे, आणि तिच्यातून उठताना रोज विठ्ठलाला हाक मारावी लागेल. रोजच्या लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत, हात लांबवला की मिळतील अशा ठेवाव्यात. माळ्यावरची वही काढावयास स्टुलावर चढणे हे या वयात धाडस नव्हे, आततायीपणा आहे. दिव्याची वायर चालण्याच्या वाटेत नसावी, पायाखालचे सतरंजीचे टोक दुमडलेले नसावे, आणि वाचावयाचा चष्मा लावून घरभर हिंडू नये. लांबचे अंधुक दिसते आणि पायरी चुकते. फार वेळ एका जागी बसूही नये. अर्ध्या तासाने उठावे, तुळशीपर्यंत जाऊन यावे.

खाली बसण्याची सवय आणि ताकद असेल त्याने ती अवश्य ठेवावी. पूर्वी पेढीवर मुनीमजींची बैठक असे: खाली गादी, पाठीशी लोड, पुढे उतरत्या झाकणाचे बुटके डेस्क. ती मांडणी अडाणी नव्हती. लोडाने पाठ धरली जाई, आणि उतारामुळे कागद डोळ्यांकडे येई, मान कागदाकडे जात नसे. हल्ली खुर्चीवर बसून मांडीवर मोबाईल धरणाऱ्यांच्या माना पाहिल्या म्हणजे त्या डेस्काची किंमत कळते.

येथेच एक शंका आमच्या वाचकांच्या मनात येणार हे आम्ही जाणतो. गुडघे दुखतात, मांडी घालवत नाही. तर खुर्चीवर बसून ज्ञानेश्वरीचे पारायण करावे काय? की तो अपराध होईल? या शंकेपायी किती तरी वृद्धांनी पारायण सोडले आहे. याचे समाधान असे की, ग्रंथाची पायरी राखावी ही भावना योग्य आहे, आणि ती खुर्चीवरही राखता येते. ग्रंथ आपल्या मांडीवर किंवा आसनाच्या खाली नसावा. समोर टेबलावर, त्यावर घडीची लाकडी ठेवण, तिच्यावर स्वच्छ वस्त्र, आणि त्यावर ग्रंथ असावा. मग आपण खुर्चीवर असलो तरी ग्रंथ आपल्याहून उंच राहतो. सप्ताहात मागच्या बाजूला वृद्धांसाठी खुर्च्या मांडलेल्या आता पुष्कळ गावी दिसतात, हे योग्यच आहे. ठणकत्या गुडघ्याकडे लक्ष ठेवून मांडी घालून वाचलेल्या ओवीपेक्षा खुर्चीवर स्वस्थ बसून समजलेली ओवी देवाला अधिक पोचेल, असे आम्हांस वाटते. मोठ्या टाईपाची प्रत घ्यावी, भिंग वापरावे, किंवा मोबाईलवर अक्षर मोठे करून वाचावे. अक्षर कोठे उमटले याने ओवी लहान-मोठी होत नाही.

हे सारे आजोबांचे झाले. आता आजीबाईंचे काय? या बाबतीत आपला समाज अजून पुरता सुधारलेला नाही, आणि आम्ही वारकरीही त्याला अपवाद नाही. कितीएक घरांत आजोबांना निदान एक मोडके टेबल असते. आजीला कधीच काही नव्हते. तिची पत्र्याची पेटी खाटेखाली, पोथी देवघरातल्या कोनाड्यात, चष्मा फ्रीजवर, आणि वाती वळावयाचा कापूस स्वयंपाकघराच्या दारामागे. वाती वळणे, गोधडी शिवणे, माळ ओवणे, सारे मांडीवर. जन्मभर सगळ्यांना पाट मांडून दिले, आणि स्वतःला बसावयाला पाट नाही! ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या मार्चमध्ये साठीच्या पुढच्या बायकांसाठी शाळा निघाली. गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर अडकवून आजीबाई शाळेत जाऊ लागल्या. आपल्यालाही पोथी वाचता यावी अशी त्यांची इच्छा होती. त्या दप्तराकडे हसून पाहू नये. ज्या बाईला सत्तर वर्षांत स्वतःचे म्हणून एक फडताळ मिळाले नाही, तिचे ते पहिले आसन होते. आपल्या घरातल्या आजीला आज एक जागा विचारून पाहा. ती प्रथम नको म्हणेल. नको म्हणाली तरी द्या.

येथवर घरच्यांना सांगितले. आता म्हाताऱ्यांना सांगितले पाहिजे, नाही तर आमचे बोलणे एकतर्फी होईल.

आसन मिळाले म्हणजे त्याचे सिंहासन होण्यास वेळ लागत नाही. "माझ्या टेबलाला हात लावायचा नाही", "माझा पेन कुणी घेतला?", "ही खिडकी माझी आहे"; सत्तर वर्षांचा माणूस पाच वर्षांच्या नातवाशी पेन्सिलीवरून भांडतो. जमीन सोडली, दुकान सोडले, आणि सारे ममत्व गोळा होऊन तीन फुटांच्या फळीवर येऊन बसले. मोठे झाड तोडले तरी बुंध्याला धुमारे फुटावेत, तशी ही आसक्ती फुटते. मग ओळखावे कसे, की हे आसन साधनेचे राहिले आहे की ममतेचे झाले आहे? आम्हांस एक खूण सुचते. नातू येऊन आपल्या जागी बसला आणि पाटीवर रेघोट्या ओढू लागला, तर मनात पहिल्याप्रथम काय उठते ते पाहावे. कपाळाला आठी पडली तर जागा आपल्यावर बसलेली आहे. सरकून त्याला जागा करून द्यावीशी वाटली, पाटीवर श्रीकार काढून द्यावासा वाटला, तर आपण जागेवर बसलेले आहोत. दुसरी खूण कामाची आहे. त्या जागेवरून घरात किंवा गावात काही जाते की नाही? कोणाचा अर्ज लिहून दिला, कोणाला हरिपाठ शिकविला, जुन्या वहीतले अभंग स्वच्छ उतरून ठेवले, तर ती जागा जिवंत आहे. नुसत्या कागदांच्या चळती साचत असतील तर ते आसन राहिले नाही, गोदाम झाले.

काम म्हटले म्हणून दोन थोर वृद्धांची आठवण होते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचवा खंड पुरा झाला १९६२ साली. तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी होते. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. म्हणजे त्या ग्रंथाचा मोठा भाग पन्नाशीनंतर, आणि शेवट ऐंशीनंतर झाला. दुसरे वेदमूर्ती श्रीपाद दामोदर सातवळेकर. जन्म १८६७ चा. १९४८ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, औंधचे इतक्या वर्षांचे बिऱ्हाड उचलून त्यांनी स्वाध्याय मंडळ गुजरातेत पारडीला नव्याने मांडले, आणि १९६८ पर्यंत, शंभरी ओलांडेपर्यंत जगले. काण्यांनी आसन धरून ठेवले, सातवळेकरांनी ते उचलून दुसरीकडे मांडले. दोघांनाही आसन हवे होते, कारण दोघांना काम होते.

आता सुरुवातीच्या शंकेकडे वळू. स्थिर आसन आणि अनिकेत भक्त, हे एकत्र नांदतात कसे? आम्ही पंडित नाही. पण वारकऱ्याला याचे उत्तर पंडिताकडे शोधावयास नको, ते त्याने आषाढीच्या वाटेवर पाहिले आहे. संध्याकाळी पालखी मुक्कामाला पोचते. दिंडीचा माणूस जागा झाडतो, खडे वेचतो, राहुटीचे खुंटे नीट ठोकतो, वळकटी सोडतो, तुळशीवृंदावन ठेवावयाची जागा सारवल्यासारखी स्वच्छ करतो. एका रात्रीचा तर प्रश्न आहे, मग कशाला एवढी मेहनत, असे तो म्हणत नाही. मुक्काम एका रात्रीचा असला तरी खुंटा ढिला ठोकून चालत नाही. रात्री वारापाऊस आला तर राहुटी अंगावर येते. आणि पहाटे कर्णा वाजला की तोच माणूस, तीच राहुटी, मागे वळूनही न पाहता उतरवतो. काल एवढे खडे वेचून केलेली जागा सोडताना त्याला दुःख होत नाही. जागा चांगली केली होती म्हणून झोप चांगली लागली; झोप चांगली लागली म्हणून आज चालता येईल. एवढाच त्या जागेचा हिशेब.

म्हातारपणाचे आसन असे असावे. मांडताना खुंटा घट्ट ठोकावा: उजेड पाहावा, खुर्ची पाहावी, ग्रंथाची ठेवण पाहावी, यात संकोच करू नये, आणि घरच्यांनी त्यात कसूर करू नये. पण मांडतानाच मनाशी जाणून असावे की, हा मुक्काम आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. सकाळी त्या कोपऱ्यात बसून ओवी वाचली, दोन ओळी लिहिल्या, कोणाचे एक काम केले, म्हणजे आपण त्या दिवसापुरता देवाच्या दप्तरी हयातीचा दाखला दिला. एके दिवशी कर्णा वाजेल. त्या दिवशी चष्मा काढून पोथीवर ठेवावा आणि उठावे. मागे जो येईल त्याला जागा झाडलेली मिळावी.

तात्पर्य, म्हाताऱ्यांनी जागा मागावी, घरच्यांनी ती आधीच द्यावी, आणि दोघांनीही ती कोणाची मालमत्ता समजू नये. हे लेखन आपल्या घरात कोणी वृद्ध वाचीत असेल, तर त्याच्या पानावर उजेड पुरेसा पडतो आहे ना, एवढे शेजारच्याने उठून पाहावे. आमच्या सांगण्याचे तेवढे सार्थक पुरे.

रामकृष्णहरि.